ड्रायक्लीनिंगचं दुकान कुटुंबाच्या हातात आलं कसं?

घडीमोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा जन्म लाँड्रीवाल्याच्या घरातला. आजोबांनी सुरू केलेला धंदा वडिलांनी सांभाळला, नंतर आम्ही भावंडांनी. पण हा धागा आमच्या दुकानाबद्दल नाही. या धंद्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत असतो आणि एक प्रश्न मला कधीचा छळतोय. ड्रायक्लीनिंग म्हणजे रसायनं, बॉयलर, महागडी यंत्रं. असले धंदे एरवी कारखानदारांकडे जातात. हा मात्र देशोदेशी नवरा-बायको-मुलांनी मिळून चालवला. असं का झालं असेल?

मला सापडलेलं उत्तर सांगतो, पटतंय का बघा. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी ज्या द्रावकात, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवात, कपडे बुडवून काढतात, तो आधी पेट घ्यायचा. त्यामुळे धंदा वस्तीपासून लांब, कारखान्यात होता. न पेटणारा द्रावक हाताशी आला, तसं यंत्र दुकानातच बसवता येऊ लागलं, आणि दुकान कुटुंबाला पेलण्याएवढं झालं.

आता जरा सुरुवातीपासून. या धंद्याची मुळं शिंपीकामात आहेत. न्यूयॉर्कमधला टेलर थॉमस जेनिंग्ज याने ३ मार्च १८२१ रोजी 'ड्राय स्कावरिंग' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. अमेरिकन पेटंट मिळवणारा तो पहिला ज्ञात कृष्णवर्णीय माणूस. त्याची पद्धत नेमकी काय होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली आणि सगळी कागदपत्रं जळाली. पण त्या कमाईचं काय झालं ते माहीत आहे. आपल्या कुटुंबाला गुलामगिरीतून सोडवण्यासाठी आणि गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी त्याने तो पैसा वापरला. १८५४ मध्ये त्याच्या मुलीला, एलिझाबेथला, वर्णावरून घोडागाडीच्या ट्राममधून जबरदस्तीने उतरवलं. बापलेकीने खटला भरला आणि जिंकला. त्यांचा तरुण वकील होता चेस्टर आर्थर, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. आमच्या धंद्याच्या इतिहासाचं पहिलं पान या कुटुंबाचं आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

त्यानंतर एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस. झाँ बाप्तिस्त जोली हा रंगारी. त्याच्याकडे टेबलक्लॉथवर दिव्यातलं तेल सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ दिसू लागला, अशी गोष्ट या धंद्यात सगळे सांगतात. ती खरी असो वा रचलेली, रंगाऱ्यांनी टर्पेंटाइन आणि पुढे बेंझिन, पेट्रोल वापरून कपडे साफ करायला घेतले हे नक्की. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावचं पुलर घराणंही मूळचं रंगाऱ्यांचंच, १८२४ पासूनचं. त्यांनी रेल्वे आणि टपालाच्या जोरावर ब्रिटनभर एजंट नेमले. गिऱ्हाईक आपल्या गावात कपडा द्यायचं, तो पार्सलने पर्थला जायचा आणि साफ होऊन परत यायचा.

म्हणजे धंदा घराण्याचाच, पण काम मोठ्या कारखान्यात. गावोगावचा दुकानदार नुसता कपडे घेणारा-देणारा. त्याच्याकडे ना यंत्र, ना कसब. सगळा नफा लांब कुठेतरी.

असं असायला कारण होतं. पेट्रोलमध्ये लोकर, रेशीम घुसळलं की स्थिर वीज तयार होते. एक ठिणगी पडली की भडका. ड्रायक्लीनिंगच्या कारखान्यांना आगी लागणं नित्याचं होतं आणि भर वस्तीत असलं काम करू द्यायला कुठलीच नगरपालिका तयार नसायची. १९२० च्या दशकात अटलांटाचा ड्रायक्लीनर विल्यम स्टॉडर्ड आणि मेलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा लॉइड जॅक्सन यांनी मिळून पेट्रोलियमचा जरा सौम्य प्रकार तयार केला. साधारण ३८ अंश सेल्सियसच्या खाली त्याची वाफ पेट घेत नाही. त्याला आजही स्टॉडर्ड सॉल्व्हंट म्हणतात. धोका कमी झाला, पण गेला नाही.

खरा बदल झाला १९३० च्या दशकात. परक्लोरोएथिलिन, म्हणजे आमच्या भाषेत 'पर्क', या धंद्यात आलं. ते पेटतच नाही. १९४९ मध्ये बफेलो शहरातल्या हेन्री मार्टिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने न पेटणारा द्रावक वापरून दुकानातच तासाभरात कपडे साफ करून द्यायची कल्पना बाजारात आणली. पुढे पुढे काउंटर आणि मागचं यंत्र यांच्यात एक भिंत तेवढी उरली. एवढी जागा एका कुटुंबाला झेपते. एक जण यंत्रावर, एक डागांवर आणि इस्त्रीवर, एक काउंटरवर. नफाही दुकानातच राहिला.

पर्कने आम्हाला धंदा दिला. त्याने काय हिरावून घेतलं तेही लिहायचं आहे, पण आधी तुमचे प्रतिसाद येऊ देत.

भिरभिरं

वाचतेय. जेनिंग्ज बापलेकीबद्दल काहीच माहीत नव्हतं. पुढचं लवकर लिहा.

ओसरी

छान धागा. एक भर घालतो. धंदा म्हणून कपडे धुणं याहून कितीतरी जुनं आहे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत अशा धुलाईखान्यांचे हौद सापडलेत. कामगार हौदात उभे राहून पायाने कपडे तुडवायचे. पाण्यात घालायचे साठवलेलं मूत्र, कारण त्यातल्या अमोनियाने तेलकट मळ सुटतो. जोडीला मुलतानी मातीच्या जातीची, तेल शोषणारी माती. सम्राट व्हेस्पासियनने या मूत्रावरही कर बसवला होता. कामगारांत गुलाम बरेच असायचे. धुणाऱ्याच्या अंगाला बाधेल असं काहीतरी वापरल्याशिवाय हे काम होत नव्हतं, हे तेव्हापासूनचं दिसतंय.

रसायनवेडी

घडीमोड, तुमचा मुद्दा रसायनशास्त्राच्या बाजूनेही टिकतो. पर्क पहिल्यांदा तयार केलं मायकेल फॅरडेने, १८२१ मध्ये. म्हणजे जेनिंग्जला पेटंट मिळालं त्याच वर्षी! दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार. आणि पुढची शंभर वर्षं कपड्यांसाठी पर्क वापरायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी कपडे पाण्यात का घालत नाहीत ते सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कोट आखडतो. रेयॉन पाण्यात कमजोर पडतं. पर्कमध्ये तंतू फुगत नाहीत, त्यामुळे कपड्याची बेतणी, अस्तर, कॉलरची ताठ जागा तशीच राहते. तेल-चरबी मात्र झटकन सुटते. पाण्यात विरघळणारे मळ निघावेत म्हणून द्रावकात खास साबण आणि अगदी किंचित पाणी घालतात.

पर्कचं उकळतं तापमान १२१ अंश. त्यामुळे ते यंत्रातच उकळून, वाफ थंड करून पुन्हा शुद्ध करता येतं. तेच द्रावक वर्षानुवर्षं फिरतं, फक्त घट पडेल तेवढी भर घालायची. छोट्या दुकानदाराला ते परवडलं ते यामुळे. पर्क उकळायच्या या भट्टीच्या तळाशी उरतो काळा चिकट गाळ: लोकांच्या अंगाचं तेल, रंग, धूळ आणि मुरलेलं पर्क.

आता याची दुसरी बाजू. पर्क पाण्यापेक्षा दीडपटीहून जड आहे, साधारण १.६ पट. सांडलं की ते काँक्रीटच्या फरशीतूनही झिरपत जातं. जमिनीखाली पाणी लागलं तरी त्यावर तरंगत नाही, आणखी खाली उतरतं आणि तिथे कित्येक वर्षं राहतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' अशा २अ गटात ठेवते. ड्रायक्लीनिंगच्या कामगारांमधला मूत्राशयाचा कर्करोग हा त्यामागचा एक मुख्य पुरावा.

मुद्देसूद

लेख उत्तम, पण मूळ सिद्धान्त मला अपुरा वाटतो. पर्क येण्याच्या कितीतरी आधी लाँड्र्या छोट्या माणसांच्याच हातात होत्या. साध्या पाण्यातल्या धुलाईला ना यंत्र लागायचं ना द्रावक. लागायचं फक्त अंगमेहनतीचं बळ, आणि ते असणाऱ्याला दुसरं काम मिळत नसेल तर तो इकडे वळायचा. इथे कायद्याचा आणि वर्णद्वेषाचा भाग फार मोठा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या. सोन्याच्या शोधात तिथे हजारो पुरुष जमले. खाणींत आणि कारखान्यांत चिनी माणसांना टिकू देत नव्हते, आणि कपडे धुण्याचं काम गोरे पुरुष करायला तयार नव्हते. म्हणून चिनी माणसं लाँड्रीत आली. तिथेही त्यांना सुखाने राहू दिलं नाही. १८८० मध्ये शहराने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्यावी लागेल. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यातल्या ३१० च्या आसपास लाकडी इमारतीत. सुमारे २४० चिनी लोकांच्या. अर्ज केलेल्या २०० चिनी लाँड्रीवाल्यांपैकी एकालाही परवानगी मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांत एक वगळता सगळ्यांना मिळाली.

यातल्या एकाने, २२ वर्षं त्याच जागेत लाँड्री चालवणाऱ्याने, दंड भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा असला, तरी तो एका समाजाविरुद्धच राबवला जात असेल तर तो समानतेच्या हमीचा भंग आहे, हे तत्त्व तिथे ठरलं. संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, हेही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा खटला शिकवतात. यिक वो हे लाँड्रीचं नाव होतं, माणसाचं नव्हे. न्यायालयाने दुकानाचं नावच मालकाला चिकटवून टाकलं.

पुढे १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तेच. मोठ्या यांत्रिक लाँड्र्यांच्या दबावाखाली एकट्यादुकट्याच्या लाँड्रीवर २५ डॉलर वार्षिक शुल्क आणि १००० डॉलरचा जामीन बसवायचा घाट घातला. मंदीच्या वर्षात! चिनी लाँड्रीवाल्यांनी स्वतःची संघटना उभी केली आणि ते १० आणि १०० डॉलरवर आणलं.

तेव्हा धंदा कुटुंबाकडे 'आला' असं म्हणताना, बाकीचे दरवाजे बंद होते म्हणून आला, हेही लिहायला हवं.

पानगळ

+१ मुद्देसूद. या चिनी लाँड्र्यांना कुटुंबाचा धंदा तरी कसा म्हणायचा? चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणाऱ्या १८८२ च्या कायद्यानंतर तिथल्या मजुरांना बायको-मुलांना आणताच येत नव्हतं. ही माणसं काका-पुतणे, चुलतभाऊ मिळून दुकानात राहायची, इस्त्रीच्या टेबलाखाली नाहीतर मागच्या खोलीत झोपायची आणि पैसे समुद्रापार पाठवायची. त्यांची इस्त्री आठ पौंडांची, म्हणजे साडेतीन किलोहून जड. आपल्या जगण्याला ते 'आठ पौंडांची रोजी' म्हणायचे. दिवसाला चौदा-सोळा तास हे वजन उचलायचं. १९४३ मध्ये तो कायदा गेला, युद्धानंतर बायका येऊ लागल्या, तेव्हा कुठे काउंटरमागे मुलं वाढायला लागली. आणि ती मुलं शिकून या धंद्यातून बाहेर पडली. आईबापांना तेच हवं होतं.

घडीमोड

मुद्देसूद, पानगळ, तुमचं म्हणणं घेतो. लाँड्री आणि ड्रायक्लीनिंग या दोन वेगळ्या वाटा होत्या. लाँड्रीत भांडवल नव्हतं, हात होते, आणि जे हात दुसरीकडे कुणी घेत नव्हतं ते इकडे आले. ड्रायक्लीनिंगला यंत्र हवं, म्हणून तिथे द्रावक निर्णायक ठरला. पर्क आल्यावर या दोन वाटा एकाच काउंटरवर भेटल्या: डावीकडे धुलाईचे शर्ट, उजवीकडे सूट.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या कोरियन कुटुंबांचंही तसंच. पदव्या होत्या, पण तिथे त्या चालत नव्हत्या, भाषा अडायची. ड्रायक्लीनिंगला बोलणं कमी लागतं, दुकान संध्याकाळी बंद होतं आणि रविवार चर्चसाठी मोकळा राहतो. रात्रभर उघड्या ठेवाव्या लागणाऱ्या दुकानांपेक्षा जिवालाही धोका कमी. तिथे एक वेळ अशी आली की अनेक शहरांत ड्रायक्लीनर म्हटलं की कोरियन कुटुंबच डोळ्यासमोर यायचं. म्हणजे बंद दारं हे कारण खरंच, पण ज्या दारातून ते आत शिरले ते पर्कने उघडलं होतं. यावर मी ठाम आहे.

ओसरी

घडीमोड, एक विचारू का? कुटुंबाचा धंदा म्हणताना आपण त्यातल्या फुकट श्रमांबद्दल कमी बोलतो. बायकोला पगार नाही, मुलांना नाही. शेजारच्या मोठ्या लाँड्रीपेक्षा कमी दरात काम करता येतं ते एवढ्याचसाठी. हिशेबाच्या वहीत ते कधीच दिसत नाही.

घडीमोड

खरं आहे, आणि मी ते आतून बघितलंय. आईचं नाव दुकानाच्या पाटीवर नव्हतं, पण डाग बघून तो कशाचा आहे हे सांगणारी ती एकटी होती. वडील यंत्र चालवायचे. तिचं कसब गेलं असतं तर यंत्र असून उपयोग शून्य. मुलांच्या कामाबद्दल म्हणाल, तर आमचं पहिलं काम खिसे तपासणं. काम क्षुल्लक वाटतं, पण एक बॉलपेन किंवा लिपस्टिक खिशात राहिली तर अख्खी खेप वाया. शाई पर्कमध्ये विरघळते आणि यंत्रातल्या प्रत्येक कपड्यावर उतरते. म्हणून बाहेरचे खिसे, आतला खिसा, घड्याळाचा छोटा खिसा, शिवण उलटी करून, बोटं घालून बघायचं. नुसतं वरून चाचपलेलं चालायचं नाही.

त्यानंतर बटणं. काही प्लास्टिकची बटणं पर्कमध्ये मऊ होतात, शेजारच्या कापडाला चिकटतात. शंका असेल ते बटण चांदीच्या वर्खासारख्या दिसणाऱ्या फॉइलमध्ये गुंडाळायचं नाहीतर उसवून पावतीला टाचायचं. मग टॅग. एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या कपड्यांना एकच क्रमांक, आणि रोजच्या टॅगचा रंग वेगळा, म्हणजे काल आलेला कपडा आज मागे पडला तर लांबूनच दिसतो. सूटचा कोट आणि पँट कायम एकाच खेपेत, नाहीतर कालांतराने दोघांच्या छटेत फरक पडतो. हे सगळं दहाव्या-बाराव्या वर्षी हातात बसलेलं असायचं. याचं मोल कुणी पगारात मांडलं नाही हे ओसरींचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. हा हिशेब कधीतरी मांडायलाच हवा.

भिरभिरं

डागांचं निघालंच आहे तर विचारते. धुतलेला पांढरा ड्रेस कपाटात ठेवला, काढला तर त्यावर पिवळट डाग. घालताना काहीच नव्हतं. लाँड्रीवाल्याने केलं असं सगळे म्हणतात. असं होतं का?

घडीमोड

भिरभिरं, या धंद्यातली निम्मी भांडणं या डागावरून होतात, म्हणून नीट सांगतो. सरबत, सोडा, फळांचा रस, पांढरी वाइन यातली साखर कपड्यावर सांडली की सुकल्यावर दिसतच नाही. पर्क तेल काढतं, साखर त्यात विरघळत नाही, त्यामुळे ती तंतूत तशीच राहते. मग कपडा वाळवायला गरम हवा, त्यावर वाफेची इस्त्री. साखरेला उष्णता लागली की ती तपकिरी होते. गिऱ्हाईक म्हणतं, "मी दिला तेव्हा डाग नव्हता." तो तेव्हाही होता, नुसता दिसत नव्हता. इस्त्री केली नाही तरी महिनोन् महिने कपाटात राहून तो हळूहळू पिवळा पडतो, तुमचं तेच झालं असावं.

म्हणून कपडा देताना कुठे काय सांडलं होतं ते आवर्जून सांगा, दिसत नसलं तरी. आम्ही ती जागा आधी पाण्याने आणि वाफेच्या बंदुकीने काढतो, मगच कपडा यंत्रात जातो.

बाकी ढोबळ नियम असा: रक्त, दूध, अंडं, घाम हे प्रथिनांचे डाग. यांना अल्कधर्मी औषध लागतं आणि उष्णता अजिबात नको, कारण गरम पाण्याने ते पक्के होतात. चहा, कॉफी, फळं, झाडांचे रंग यांना आम्लधर्मी. दोन्ही औषधांचा क्रम चुकला तर जो डाग निघाला असता तोही बसतो. रेशमावर कधी घासायचं नाही. घासलं की तंतू फिसकारतो आणि तिथे पांढुरकी झाक येते. डाग निघून जातो पण खूण जन्मभर राहते. मऊ ब्रशचं सपाट तोंड नुसतं टेकवत टेकवत काम करायचं. आई एका डागावर कितीही वेळ घालवायची आणि पैसे तेवढेच घ्यायची. हे मला तेव्हा समजत नव्हतं, आता समजतं. तो कपडा कुणाच्या तरी लग्नाचा असायचा.

मुद्देसूद

लेबलवरच्या चिन्हांबद्दलही लिहा की. बरेच लोक ती कापून टाकतात.

रसायनवेडी

मी लिहिते. चौकोनात नुसतं वर्तुळ असेल तर ते वाळवणीचं चिन्ह. नुसतं वर्तुळ म्हणजे व्यावसायिक साफसफाई. आत 'पी' अक्षर असेल तर पर्क चालतं, 'एफ' असेल तर फक्त पेट्रोलियम जातीचे सौम्य द्रावक, 'डब्ल्यू' म्हणजे व्यावसायिक ओली धुलाई. वर्तुळाखाली रेघ म्हणजे हळुवार हाताळा, दोन रेघा म्हणजे फारच हळुवार. वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीनला देऊच नका. ही चिन्हं सांभाळणारी गिनेटेक्स ही संस्था १९६३ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. लेबल कापलेला कपडा आला की दुकानदाराला अंदाजाने काम करावं लागतं, आणि काही बिघडलं तर दोष त्याच्याच माथी.

पानगळ

घडीमोड, पर्कने काय हिरावून घेतलं ते लिहिणार होतात.

घडीमोड

लिहितो.

सुरुवातीच्या यंत्रांत धुणं एका यंत्रात आणि वाळवणं दुसऱ्यात असायचं. मधे पर्कने निथळणारे कपडे हाताने काढून दुसऱ्या यंत्रात टाकायचे. तो गोडसर वास, डोकं जड होणं, संध्याकाळी हलकीशी गुंगी हे सगळे मालक-कामगार कामाचा भाग म्हणून सोसायचे. नंतर एकाच यंत्रात धुऊन वाळवणारी यंत्रं आली, पण त्यांची वाफ बाहेर जायची. त्यानंतर ती वाफ थंड करून परत द्रव बनवणारी बंद यंत्रं, आणि पुढे राहिलेली वाफ कोळशाच्या गाळणीत पकडणारी. दर पिढीत पर्कचा वापर घटला. पण ज्यांनी पहिल्या पिढीच्या यंत्रावर आयुष्य काढलं ते आमचे आईवडील होते. भट्टीतला गाळ खरवडणं हे सर्वात वाईट काम, आणि ते घरातलाच माणूस करायचा, कारण नोकर ते करायला टिकायचा नाही.

आणि दुकान घराखाली किंवा घराशेजारी. म्हणजे श्वास चोवीस तास त्याच हवेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या इमारतींतली पर्कची यंत्रं २०२० च्या डिसेंबरपर्यंत बंद करायला लावली ती उगाच नाही. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये ठरवून २०२३ पर्यंत पर्क पूर्ण बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने देशभरातल्या ड्रायक्लीनिंगसाठी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंदीचा नियम जाहीर केला. मला हे नियम योग्य वाटतात. धंद्यातल्या पुष्कळ लोकांना वाटत नाहीत, त्यांचा राग मला समजतो.

कारण फटका बसतो तो शेवटच्या पिढीला. जमिनीत मुरलेलं पर्क रसायनवेडींनी सांगितलंच. तीस-चाळीस वर्षं राबून एका कुटुंबाने जागा स्वतःची केली, म्हातारपणी विकून निवांत राहू म्हणून. विकायला काढली की माती तपासतात, आणि सफाईचा खर्च जागेच्या किमतीच्या वर जातो. बहुतेकदा ती गळती कायद्याने जे चालत होतं ते करताना झालेली असते. गाळ, सांडपाणी कुठे टाकायचं हे त्या काळी कुणी सांगितलेलं नव्हतं. रसायन विकणाऱ्यांनी तर नाहीच.

दुसरीकडे कामही आटलं. पॉलिएस्टर आलं, घरोघरी यंत्र आलं, कार्यालयात सूटची सक्ती गेली, मग महासाथीत लोक घरूनच काम करू लागले. हे एका दशकात झालं नाही, पण मुलांना तो धंदा सोपवण्याची हौस यातच गेली.

भिरभिरं

मग पर्कच्या जागी काय आलंय?

रसायनवेडी

बरंच काही, आणि सगळं सारखं चांगलं नाही. १-ब्रोमोप्रोपेन नावाचं रसायन पर्कच्याच यंत्रात थोडे बदल करून चालतं म्हणून काहींनी घेतलं. त्याने मज्जासंस्थेला इजा होते हे कामगारांच्या हातापायांवरून कळलं. पर्कपेक्षा वाईट सौदा. नव्या पेट्रोलियम द्रावकांत वास आणि विष कमी आहे, पण आगीचा विचार पुन्हा करावा लागतो. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड उत्तम, मात्र त्याला इतका दाब लागतो की यंत्र छोट्या दुकानाच्या आवाक्याबाहेर जातं.

माझं मत विचाराल तर छोट्या कुटुंबाच्या दृष्टीने व्यावसायिक ओली धुलाई सर्वात शहाणपणाची. १९९० च्या दशकात ती युरोपातून पसरली. पाणीच, पण संगणकाने मोजून दिलेलं, ढोलाची हालचाल अगदी मंद, तंतूला जपणारा साबण, आणि वाळवताना ओलावा मोजून वेळेत थांबणारं यंत्र. त्यानंतर ताण देऊन आकार परत आणणारी इस्त्रीची साधनं. लोकरीचा कोटसुद्धा यात नीट निघतो, मात्र माणूस तयार हवा. म्हणजे पुन्हा कसबच.

घडीमोड

बरोबर. ओल्या धुलाईत इस्त्रीला जास्त वेळ लागतो, हाच त्याचा खरा खर्च. पण जमिनीखाली काही मुरत नाही, आणि रात्री मुलं त्याच इमारतीत झोपलेली असली तरी चालतं. आम्ही भावंडांनी पर्कचं यंत्र काढून हेच घेतलं. आईचे डाग काढायचे नियम यात जसेच्या तसे लागू पडतात, उलट जास्तच, कारण साखरेचे आणि घामाचे डाग पाण्यात मुळातच बरे निघतात.

ओसरी

एक शेवटची शंका. ड्रायक्लीन होऊन आलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचे की काढायचे?

घडीमोड

घरी आल्या आल्या काढा. पिशवी फक्त वाटेतल्या धुळीसाठी असते. आत ओलावा किंवा द्रावकाचा अंश कोंडतो, आणि पांढरा कपडा त्यात पिवळा पडू शकतो. खिडकीजवळ, उन्हात नव्हे, काही तास टांगा, वास गेला की मग कपाटात. लांब दिवस ठेवायचे असतील तर सुती कापडाचं कव्हर घाला. तारेच्या हँगरवर जड कोट ठेवू नका, खांद्याला टोक येतं, रुंद लाकडी हँगर घ्या. आणि पिशवी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी लगेच टाकून द्या.